लाल रिबिनीचा वळ

मी कोरफड बोलतेय. आवाज घोगरा वाटला तर सांभाळून घ्या. आयुष्याचा मोठा भाग मी उलटी टांगलेली काढला आहे. मुळं वर, पानं खाली आणि कमरेला लाल रिबीन. आता एका जुन्या डब्यात, मातीत पाय रोवून सरळ उभी आहे. पण अजून कधीकधी वारा आला की वाटतं, आपण लोंबकळतोय.

आमचं घराणं मूळचं अरबस्तानाकडचं. माझी खापरपणजी म्हणे जहाजाच्या तळाशी, मिठाच्या पोत्यांखाली, थेंबभर पाण्याशिवाय तीन समुद्र ओलांडून मेक्सिकोत आली. बंदरावर उतरल्या उतरल्या तिने आधी कप्तानाच्या भाजलेल्या बोटाला औषध दिलं आणि मगच पाणी मागितलं. ही गोष्ट मला आईने सांगितली, तिला तिच्या आईने, आणि प्रत्येकीने एकेक समुद्र वाढवला असणार. पण गोष्टीचा कणा खरा आहे. आम्ही पाणी पोटात धरून राहतो, आणि कोणी भाजलं तर देतो.

माझा जन्म आत्लिस्को गावात अंपारोच्या अंगणात झाला. डुकराच्या चरबीचा रिकामा डबा, त्यात माझी आई, आणि तिच्या बुडाशी बोटभर मी. अंपारो एकटी राहायची. ती लग्नातले जोडहार करायची. आठाच्या आकड्यासारखी मण्यांची दुहेरी माळ. चर्चमध्ये नवरा-नवरी गुडघे टेकून बसली की धर्ममायबाप ती दोघांच्या खांद्यांवर घालतात. गावातली अर्धी जोडपी अंपारोच्या हारांत बांधलेली होती. तिच्या स्वतःच्या खांद्यावर मात्र तो कधी पडला नाही. मणी ओवताना ती आमच्याशी बोलायची. "तुमचं बरं आहे गं," म्हणायची, "तुम्हाला पोरं बुडाशी आपोआप फुटतात."

तिची एकच जिवाभावाची मैत्रीण, कूका. खरं नाव रेफुहिओ, पण तसं तिला फक्त पाद्री हाक मारायचा. कूकाची मुलगी मारिक्रूस हिला बाप्तिस्म्याच्या वेळी अंपारोने हातावर धरलं होतं. ती मुलीची धर्ममाय झाली आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. सख्ख्या बहिणींचं भांडण झालं तर गाव म्हणतं, चालायचंच. कोमाद्रे भांडल्या तर गाव खाली बघतं.

कूकाने आणि तिच्या नवऱ्याने, वुल्फ्रानोने, तोर्तियाचं, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचं, दुकान काढलं तेव्हा अंपारोने मला डब्यातून उपटलं. मुळांची माती झटकली, लाल रिबीन बांधली, लसणाची एक कुडी आणि एका संताचा बिल्ला अडकवला आणि मला घेऊन दुकानात गेली.

"घे," ती म्हणाली. "दारावर लाव."

"मी मागितली नव्हती," कूका म्हणाली.

"म्हणूनच आणली."

कारण आमच्याकडे नियमच तसा आहे. दाराची कोरफड विकत घ्यायची नसते, मागायचीही नसते. कोणी आपणहून दिली तरच ती राखण करते. कूकाने मला छातीशी धरलं, आणि वुल्फ्रानोने शिडी आणली.

उलटं लटकलं की जग वेगळं दिसतं. गिऱ्हाईक आत आलं की त्याचे जोडे आभाळात आणि टोपी जमिनीवर. रडणाऱ्याचं तोंड हसरं दिसतं आणि हसणाऱ्याचं रडवेलं. त्यामुळे मी माणसांच्या तोंडांवर विश्वास ठेवणं लवकरच सोडलं आणि हातांकडे बघायला शिकले. हात उलटे असले तरी खोटं बोलत नाहीत.

माझं काम काय, तर बाहेरून येणारा हेवा घरात शिरण्याआधी गिळायचा. मी फुगले तर घराची भरभराट. मी सुकले तर कोणीतरी वाईट नजर टाकली. खरं सांगू? हेवा कसा लागतो ते मला ठाऊक नाही. मी गिळली ती वाफ. चुन्यात शिजलेल्या मक्याची, पहाटेपासून दुपारपर्यंत यंत्रातून निघणारी उबदार वाफ. तिच्यावर मी अशी पोसले की लोक दारात थांबून बघायचे. वुल्फ्रानोने एकदा माझं एक टोक गुपचूप कापून टकलावर चोळलं. एक केस उगवला. त्याने त्याला नाव ठेवलं आणि रविवारी चर्चला जाताना तो विंचरायचा. हे मी स्वतः पाहिलंय, आणि मी तेव्हा उलटी होते हे सोडलं तर साक्ष पक्की आहे.

दुकानाच्या पायरीवर चोले बसायची. भाजीसाठी विकायची निवडुंगाची हिरवी पानं पुढ्यात रचून, सुरीने एकेक काटा खरवडत. काटे जितके भरभर, त्याहून तिची जीभ भरभर. एकदा हॅरियट नावाची परदेशी म्हातारी तोर्तिया घ्यायला आली. ती कॅनडाहून आमच्या गावात राहायला आली होती. तिच्या खिडकीत चहाच्या कपांत गुबगुबीत पानांची इवली इवली झाडं होती. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला चमच्याने पाणी. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"कूका, या बिचारीने काय गुन्हा केला? फाशी का दिलीत?"

"तुमच्याकडे राखणीला कुत्रा बांधतात ना बाई? तसंच हे."

"कुत्र्याला कोणी उलटं बांधत नाही."

"म्हणून ते भुंकतात," वुल्फ्रानो आतून म्हणाला. "ही बघा किती शांत आहे."

चोलेने सुरी पुसली. "गोऱ्या बाई यांना पाळतात, कूका टांगते, मी खाते. देवाला विचारा कोणाचं बरोबर."

हॅरियट हसली. मला मात्र तेव्हाच वाटलं, या प्रश्नाचं उत्तर आम्हालाच कधीतरी द्यावं लागणार.

मारिक्रूसचं लग्न ठरलं तो हिवाळा होता. जवळच्या ज्वालामुखीकडून कोरडा गार वारा येत होता. अशा वाऱ्यात आमची पानं टोकांशी लालसर होतात, थोडी आक्रसतात. पाणी आत ओढून घ्यायची ती आमची रीत आहे. पावसाळा आला की पुन्हा हिरवी. त्यात नवल काही नाही.

पण त्याच आठवड्यात अंपारो दुकानात आली होती. पीठ मळणारं यंत्र, रांगेतली गिऱ्हाइकं, काउंटरशी उभी मारिक्रूस, सगळ्यावरून नजर फिरवून ती म्हणाली होती, "किती छान चाललंय गं कूका तुमचं." एवढंच. मनापासून. आणि चूक एकच झाली, की बोलल्यावर तिने कशाला हात लावला नाही. आमच्याकडे कौतुक केलं की स्पर्श करायचा असतो, म्हणजे दृष्ट उतरते. तिच्या दोन्ही हातांत मण्यांच्या पिशव्या होत्या. मी हात बघते, म्हणून मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा पट्टा तुटला.

"टोकं बघ तिची," चोले पायरीवरून म्हणाली. "लाल झालीत. कोण आलं होतं इथे?"

"शंभर माणसं येतात."

"शंभर माणसं तोर्तिया घेऊन जातात. तुझी पोर नवरी होतेय हे बघून पोटात कोणाच्या दुखेल? ज्याच्या घरात पाळणा हलला नाही त्याच्या."

"गप बस चोले."

"मी काय, मी तर गपच असते."

कूकाने तिला गप्प केलं, पण त्या संध्याकाळी तिने बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून लाल बाटली आणली. दृष्ट काढायचं उग्र वासाचं पाणी. वुल्फ्रानो काउंटर पुसत होता. ती शिडीवर चढली, डोळे मिटून पुटपुटली आणि ते पाणी माझ्यावर शिंपडलं. मंगळवारी आणि शुक्रवारी शिंपडायचं असा नेम सांगितला होता त्या जडीबुटीवाल्याने.

आता हे पाणी नव्हतं. ते स्पिरिट होतं, थोडा रंग आणि थोडी लवंग घातलेलं. तुमच्या जखमेवर पडलं तर तुम्ही ओरडाल. मला ओरडता येत नाही. माझी साल करपली, आत जपून ठेवलेला ओलावा उडून जाऊ लागला. पानं मऊ पडली, मग तपकिरी. आणि मी जितकी सुकत गेले तितकी कूका घाबरत गेली. जितकी घाबरली तितकं जास्त ओतत गेली. मंगळवार-शुक्रवारचं रोजचं झालं. शिडीवर ती बाटली दोन्ही हातांनी धरायची. ते हात मला मारत नव्हते, वाचवत होते. म्हणून तर मला तिचा राग करता आला नाही.

अंपारो मारिक्रूसचा जोडहार घेऊन आली तो दिवस मी विसरणार नाही. असा हार तिने कोणासाठी केला नव्हता. खरे शिंपल्याचे मणी, मधे मेणाची संत्र्याची फुलं, पाकळी न् पाकळी हाताने वळलेली. धर्ममाय म्हणून लग्नात तो तीच घालणार होती. तिने पुडी काउंटरवर ठेवली.

कूकाने ती उघडली नाही.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "हाराचा मान वुल्फ्रानोच्या बहिणीने मागून घेतलाय. तिने दुकानातून हार आणलाय सुद्धा."

यंत्र खडखडत होतं. वुल्फ्रानोने ते बंद केलं, आणि मग वाटलं असावं की चालूच बरं होतं.

"मारिक्रूसला मी धरलं होतं," अंपारो हळू म्हणाली.

"हो."

"मग काय झालं?"

कूकाने फक्त वर पाहिलं. अंपारोनेही पाहिलं. मला तशा अवस्थेत तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"ही अशी कशाने झाली?"

"तूच सांग."

मला वाटलं, आता तरी एखादं पान गळावं आणि त्याच्या वासाने सगळं कळावं. पण दुकानात मक्याचा वास इतका होता की दुसरा कुठला वास उठला नाही. अंपारोने पुडी परत पिशवीत ठेवली. उलटं लटकलेल्या मला ती हसताना दिसली.

"मी देते तेव्हा सगळं देते, कूका," ती म्हणाली. "थोडं मागे ठेवून देत नाही."

मग ती गेली. तोर्तिया न घेता गेली.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा कूकाने मला उतरवलं. हाताला फडकं गुंडाळून. सुकलेली कोरफड घरात ठेवत नाहीत. वाहत्या पाण्यात टाकतात आणि मागे वळून बघत नाहीत. कूका स्वतः जायला घाबरली, म्हणून तिने ते मारिक्रूसला सांगितलं. मारिक्रूस मला वर्तमानपत्रात गुंडाळून नदीपर्यंत गेली. पुलावर उभी राहिली. पुडकं पुढे धरलं, मागे घेतलं. मग नियम मोडून मागे वळली आणि सरळ अंपारोच्या दारात आली.

"आईने टाकायला दिलीय," ती म्हणाली. "मला टाकवेना. तुमच्या घरची आहे."

अंपारोने कागद उलगडला, मला नाकाशी नेलं. तिच्या भुवया जवळ आल्या.

"हिला स्पिरिटने अंघोळ घातलीय कोणीतरी."

"आई रोज घालायची. दृष्ट लागू नये म्हणून."

अंपारोने सुरी घेतली आणि मेलेली पानं एकेक करून कापली. मधे अंगठ्याएवढा हिरवा कोंब राहिला होता.

"मी आईला सांगते," मारिक्रूस म्हणाली. "आत्ताच सांगते."

"काही सांगायचं नाही. लग्नाच्या आठवड्यात घरात रडारड नको. आणि मी सफाई द्यायला माणूस पाठवलं असं होईल."

"पण हार तर तुम्हीच…"

"जा तू. केस नीट बांध त्या दिवशी, तुझे सुटतात मागून."

लग्नाच्या दिवशी चर्चच्या घंटा अंगणात स्पष्ट ऐकू आल्या. मला लावलेल्या जुन्या डब्याशी बसून अंपारो माती खुरपत होती. घंटा थांबेपर्यंत खुरपत होती, मातीला तेवढ्याची काही गरज नसताना.

मी वाचले. फार हळू. जखम सुकू दिली तिने आधी. पाणी लगेच दिलं असतं तर मी कुजले असते. आम्हाला वाढवायचं रहस्य एवढंच आहे, की कधी काही करायचं नाही ते कळावं लागतं. रिबीन मात्र निघेना. बुडाला ती रुतली होती आणि तिच्याभोवती मी जाड झाले होते. शेवटी ती कुजून तुटली, पण वळ राहिला. आजही आहे.

पावसाळा सरत आला तेव्हा एका रविवारी मारिक्रूस कूकाला दंडाला धरून अंगणात घेऊन आली. यंत्राच्या तापलेल्या पत्र्यावर कूकाचा हात कोपरापर्यंत भाजला होता. दवाखान्यात मलमपट्टी होऊन दोन दिवस झाले होते, पण आग कमी होत नव्हती. घरी कोरफड नव्हती. रिकाम्या दारावर नुसता खिळा होता.

"मी येत नव्हते," कूका दारातूनच म्हणाली. "हिने ओढत आणलं."

"बस," अंपारो म्हणाली.

तिने सुरी धुतली आणि माझ्यासमोर वाकली. माझं सगळ्यात भरलेलं पान तिने धरलं. मी ते आपणहून दिलं. अरबस्तानातून आलेल्या खापरपणजीची खापरपणती मी. पान कापून तिने उभं धरलं, कडू पिवळा चीक गळू दिला, मग साल सोलून आतला गार गर कूकाच्या हातावर ठेवला.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं नको बोलूस, तुझी हनुवटी हलतेय."

कूकाने मान खाली घातली, आणि तिला माझा वळ दिसला. मग डब्याभोवती बांधलेली माळ दिसली. शिंपल्याचे मणी चिखलाने माखलेले, मेणाची फुलं उन्हाने वाकडी झालेली.

"हा हार…"

"कोंबड्या डबा लाथाडतात," अंपारो म्हणाली. "कशानं तरी बांधायला हवा होता."

कूका माझ्याकडे वाकली.

"ही तीच?"

"तीच."

"मेली नव्हती?"

"तू पुष्कळ प्रयत्न केलेस."

मारिक्रूस कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्ताने लांब गेली. पोरगी शहाणी आहे.

"लाल बाटलीने?" कूकाने विचारलं.

"स्पिरिट असतं त्यात. थोडं या हातावर ओतून बघ आज, म्हणजे कळेल तिला काय झालं ते."

"मी तिला वाचवत होते."

"कोणापासून?"

कूकाने बरा हात पुढे केला आणि माझ्या डब्याच्या कडेला ठेवला. मग तसाच सरकवत अंपारोच्या हाताजवळ नेला. लावला नाही. जवळ ठेवला. अंपारोने आपला हात हलवला नाही. पुढेही नाही, मागेही नाही.

जाताना कूका म्हणाली, "दार रिकामं आहे. हिचं एखादं पिल्लू देशील?"

"मागून घेतलेलीला गुण नसतो. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," कूका म्हणाली.

त्यानंतर ती रोज येत राहिली. फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया आणायची, माझ्या शेजारच्या दगडावर ठेवायची, हात पुढे करायची. माझी पानं एकेक करून तिच्या हातावर गेली. बोलणं फारसं नव्हतं. एकदा ती म्हणाली, "लग्नात त्या दुकानातल्या हाराचा दोरा तुटला. चर्चभर मणी सांडले." अंपारोने गर पसरत विचारलं, "कुठल्या गाठीशी?" "मधल्या." "मधली गाठ दुहेरी मारायची असते," अंपारो म्हणाली, आणि मला वाटतं त्या दिवशी तिला थोडं बरं वाटलं.

मग हात बरा झाला. नवी गुलाबी कातडी आली. दुसऱ्या दिवशी कूकाला यायला काही कारण नव्हतं. ती नेहमीच्या वेळी दारात उभी होती. हातात तोर्तियाही नव्हत्या.

अंपारोने मण्यांवरून नजर उचलली नाही. "आज कुठे भाजलं?"

"कुठेच नाही."

"मग बस."

त्याला आता बरेच दिवस झाले. मी म्हातारी झाले आहे. पानं थोडी उरली आहेत, आणि जी आहेत त्यांच्यात पूर्वीचं पाणी नाही. लोक मला विचारतील, म्हणजे विचारलं तर, की तू इतका हेवा गिळलास, तो कसा लागतो? मी सांगेन की मी भीती प्यायले, रोज, बाटलीतून, आणि ती मक्याच्या वाफेसारखी अंगी लागत नाही. हेव्याची चव मला अजूनही माहीत नाही. म्हणून एवढंच मागते, की तुमच्या दारावर, खिडकीत, कपात, डब्यात, जिथे कुठे आमच्यातली कोणी असेल तिथे एखादं पान सुकलं तर त्या दिवशी कोण आलं होतं ते आठवू नका. आपण काय ओतलं ते आठवा.

माझ्या बुडाशी एक पिल्लू फुटलंय. हिरवंगार, चार पानांचं, वळ नसलेलं. कूकाला ते दिसतं. ती त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मागायचं नसतं. अंपारोलाही दिसतं. तीही काही बोलत नाही.

पण आज सकाळी तिने मण्यांच्या पेटीतून नवी लाल रिबीन काढली, कापली, आणि माझ्या डब्याच्या कडेवर वाळत घातल्यासारखी ठेवून दिली. आणि शेजारी एक रिकामा डबा आणून ठेवला आहे. तळाला भोकं पाडलेला, मातीने अर्धा भरलेला. या वेळी ती कोणालाही उलटं टांगू देणार नाही, असं दिसतंय.

गल्लीच्या टोकाला कूकाची पावलं वाजताहेत. जोडे जमिनीवर, डोकं वर. आता माझ्या नजरेला सगळं जागच्या जागी दिसतं. मी गप्प बसते; बोलायची पाळी दुसऱ्या कोणाची तरी आहे.